तळघरातला पाणक्या

मावशींना मारामारी बघायला आवडते हे कळलं, तेव्हा त्यांच्या लेकीने कपाळावर हात मारून घेतला. "आई, झुरळ दिसलं की तू खुर्चीवर चढतेस आणि मोबाइलवर बघतेस काय, तर कुंगफू?" मावशी म्हणाल्या, "झुरळ मेलं गुपचूप येतं. मला समोरून येणारी माणसं आवडतात." आणि पुन्हा मोबाइल नाकाशी धरून बसल्या.

आता हे कुंगफू म्हणजे काही तीन तासांचा सिनेमा नव्हे. मोबाइलवर बघायच्या चिमुकल्या मालिका. दीड मिनिटाचा एक भाग, असे ऐंशी-नव्वद भाग. आणि प्रत्येक भाग नेमका अशा जागी तोडायचा, की पुढचा लावल्याशिवाय घास घशाखाली उतरू नये! गोष्ट म्हणाल तर दर वेळी तीच. डोंगरावर युद्धविद्येची शाळा. तिथे एक पाणक्या, नाहीतर झाडूवाला, नाहीतर भांडी घासणारा. कपड्यांना ठिगळं, मान खाली. शाळेतला थोरला शिष्य येता-जाता त्याला लाथ घालणार, त्याच्या बादल्या लवंडणार, चारचौघांत त्याला किडा म्हणणार. हा गप्प. पन्नास भाग हा बाबा गप्प! बघणाऱ्याच्या मुठी वळतात, पण हा आपला बादल्या उचलून पुन्हा विहिरीकडे निघतो. मग एक दिवस शत्रू दारात येतो, थोरला शिष्य एका फटक्यात आडवा होतो आणि पाणक्या हातातली बादली सावकाश खाली ठेवतो. पुढचं सांगायलाच नको.

खरं सांगायचं तर मावशींना मारामारीतही फारसा रस नव्हता. त्यांना बघायचे असायचे चेहरे. पाणक्याने दोन बोटांत तलवार धरली, की कॅमेरा वळतो थोरल्या शिष्याकडे. डोळे वटारलेले, तोंड उघडं, घसा कोरडा. तो चेहरा मावशी तीन-तीनदा मागे नेऊन बघायच्या. "हां! आता कसं वाटतंय?" असं मोबाइललाच विचारायच्या. भर बसमध्येसुद्धा. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या सीटवर जायचा.

याला कारण होतं. मावशी एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात कामाला होत्या. वरच्या मजल्यांवर ऑपरेशनं होतात ना, त्यांची सगळी हत्यारं खाली येतात. कात्र्या, चिमटे, सुया धरायच्या पकडी. ती धुवायची, वाळवायची, एकेक तपासायची, मग ठरलेल्या हत्यारांचा सेट करून हिरव्या फडक्यात दुहेरी बांधायचा, वर चिकटपट्टी लावायची आणि जंतू मारायला वाफेच्या मशीनमध्ये घालायचा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक डॉक्टर तरातरा खाली उतरून आले होते आणि बोथट निघालेली कात्री त्यांनी मावशींच्या पुढ्यातल्या ट्रेमध्ये आपटली होती. "तुम्ही काय डोळे मिटून काम करता का?" असं सगळ्यांदेखत. त्या कात्रीला धार लावायला पाठवा म्हणून मावशींनी तीनदा सांगितलं होतं. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. मान खाली घालून त्या उभ्या राहिल्या. त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. तेव्हा जी बादली मावशींना खाली ठेवता आली नाही, ती आता चहाच्या सुट्टीत रोज कुणीतरी पाणक्या त्यांच्या वतीने ठेवत होता. माणसाला एवढं पुरतं हो.

आता तळघरात मावशींचा शब्द चाले. बारा मिनिटांत मोठा सेट बांधणारी बाई दुसरी नव्हती. हात असा चाले की बघत राहावं. पॅकिंगला दोन मुली होत्या, त्यांना सगळे जोडी म्हणत. त्या मावशींच्या धाकात असत आणि प्रेमातही. कारण चहाच्या वेळी मावशी रात्रीची मालिका सांगायच्या. "मग काय केलं त्यानं, मावशी?" "काय करणार? काही नाही केलं. नुसती मान वर केली!" जोडीच्या अंगावर काटा यायचा. चहा निवून जायचा.

या मैफलीत एक माणूस कधी यायचा नाही. लिफ्टभाऊ.

लिफ्टभाऊ म्हणजे बावीस वर्षं इस्पितळाची लिफ्ट चालवलेला माणूस. लिफ्ट नवी आली, आपोआप चालणारी, आणि यांचं स्टूल गेलं. आता पन्नाशीला आलेल्या माणसाला टाकायचं कुठे? तर तळघरात. तीन महिने काम बघू, जमलं तर ठेवू, नाही जमलं तर घरी. आणि जमलं की नाही हे सांगायचं कुणी? मावशींनी. शुक्रवारी दुपारी चार वाजता इनचार्ज सिस्टरांच्या खोलीत जाऊन मावशींनी हो किंवा नाही म्हणायचं होतं आणि सिस्टर त्याखाली सही करणार होत्या. घरी आजारी आई, पदरात शिकणारी मुलगी, आणि लिफ्ट चालवण्यापलीकडे हाताला दुसरा धंदा नाही. घरी गेले असते तर संपलंच होतं.

आणि मावशींचं नाही ठरलेलं होतं.

माणूस वाईट नव्हता. पण हळू! देवा रे देवा, किती हळू! कात्री हातात घेतली की उघडायची, मिटायची, उजेडात धरायची, दोऱ्याचा तुकडा कापून बघायचा, मग पुन्हा उघडायची. बांधलेलं पाकीट शेल्फवरून काढून सामानाच्या छोट्या लिफ्टमधून वर पाठवायचं, एवढं साधं काम. तेही हा माणूस पाकीट दिव्याखाली नेऊन, उलटंपालटं करून, मग करायचा. पहिल्या महिन्यात बरा होता, पण गेले काही आठवडे तर कळसच झाला होता. मावशी ओरडायच्या, "लिफ्टभाऊ, मजला आला, उतरा आता!" जोडी फिदीफिदी हसायची. लिफ्टभाऊही कसनुसं हसायचे आणि पाकीट आणखी एकदा उलटून बघायचे. चहाला बोलावलं तर, "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच," म्हणायचे आणि यायचेच नाहीत. एवढी रंगवून सांगितलेली गोष्ट माणूस ऐकत नाही, याचा मावशींना राग होता. आता हे त्या कबूल करणार नाहीत, पण होता.

तसं मावशींचं स्वतःचंही हल्ली काही ना काही बिनसत होतं. तळघरातले दिवे मंद झाले होते, पण तक्रार करूनही कुणी बदलत नव्हतं. बसचे नंबर बारीक लिहायला लागले होते. आणि मालिकावाल्यांनी तर ताळतंत्रच सोडलं होतं, हल्ली सगळी मारामारी धुक्यातच चालायची. "कुठे धुकं?" लेक मोबाइल हातात घेऊन म्हणाली. "आई, लख्ख ऊन आहे यात. तू डॉक्टरांना डोळे दाखव बघू एकदा." मावशी फिस्कारल्या, "माझ्या डोळ्यांवर घसरू नकोस! दोन वर्षं राहिलीत नोकरीची. डोळे दाखवले की हे लोक मला घरी बसवतील." तो विषय तिथेच संपला. मनातून मात्र मावशी चार महिन्यांपासून घाबरलेल्या होत्या, आणि त्या घाबरल्या की त्यांचा आवाज चढायचा.

शुक्रवारची सकाळ उजाडली. तळघरात दोन गाड्या असतात. बांधलेली पण वाफ न घेतलेली पाकिटं डाव्या गाडीवर, मशीनमधून निघालेली उजव्या गाडीवर. उजवीकडची शेल्फावर जातात. त्याशिवाय पाकिटावरच्या पट्टीला फिकट रेघा असतात, त्या वाफ लागली की काळ्याभोर होतात. पट्टी बघायची, मगच पाकीट हलवायचं, हा तिथला पहिला धडा. मावशींनीच तो सगळ्यांना शिकवला होता. पण गेले काही महिने मावशींना फिकट काय आणि काळं काय, दोन्ही सारखंच दिसत होतं, म्हणून त्या मनातल्या मनात बाजूवर विसंबायला लागल्या होत्या. डावी ती डावी, उजवी ती उजवी. आदल्या संध्याकाळी सहा पाकिटं वाफेविना राहिली होती, सकाळच्या पहिल्या फेरीत घालायची म्हणून डाव्या गाडीवर. पहाटे फरशी पुसणारा आला, त्याने गाड्या ढकलल्या आणि परत ठेवताना डावीची उजवी केली. त्याला काय ठाऊक? मावशी आल्या, पदर खोचला आणि उजवीकडची सहा पाकिटं उचलून शेल्फावर रचून टाकली.

दहा वाजता वरून घंटी वाजली. पोटाच्या ऑपरेशनचा सेट हवा, ताबडतोब. लिफ्टभाऊंनी शेल्फावरचं वरचं पाकीट काढलं, दिव्याखाली नेलं आणि तिथेच थांबले.

"अहो, पाठवा ना!" मावशी ओरडल्या.

"एक मिनिट, मावशी."

"मिनिट कसलं मागताय? वर डॉक्टर हात धुऊन उभे असतील. तुम्हाला काय, बटण दाबलं की दार उघडतं असं वाटतं का इथं? तीन महिने झाले, तीन महिने! साधं पाकीट उचलून ठेवता येत नाही माणसाला!"

जोडी या वेळी हसली नाही. लिफ्टभाऊंनी मान खाली घातली, हातातलं पाकीट बाजूला ठेवलं, मागच्या शेल्फावरून जादाचा सेट काढला, तो दिव्याखाली बघितला आणि वर पाठवला. चार मिनिटं उशीर झाला. वरून फोन आलाच. तो मावशींनी घेतला, माफी मागितली आणि फोन ठेवताना ठरवून टाकलं की चार वाजता काय बोलायचं. वाक्यसुद्धा जुळवलं. 'माणूस चांगला आहे, पण हात मंद आहे, इथे चालायचा नाही.'

जेवणानंतर मशीनची दुसरी फेरी निघाली. पाकिटं बाहेर काढता काढता मावशींचा हात एका घडीवर थबकला. पाकिटाचा शेवटचा कोपरा त्या आत दुमडून ठेवायच्या, ती त्यांची सवय, दुसऱ्या कुणाची नव्हे. आज तर त्यांनी अजून एकही पाकीट बांधलं नव्हतं, म्हणजे ही त्यांची कालची पाकिटं. शेल्फावर ठेवलेली. सहाच्या सहा. मग ही मशीनमध्ये कशी आली? त्यांनी वही ओढली आणि नाकाशी धरली. फेरी दुसरी, सहा पाकिटं, शेल्फावरून परत घेतली, खाली लिफ्टभाऊंची सही. 'कारण' लिहायची जागा कोरी होती.

मावशी मटकन स्टुलावर बसल्या. सगळं एकदम ध्यानात आलं. आपण वाफ न लागलेली सहा पाकिटं शेल्फावर ठेवली. त्यातलं एक वर निघालं होतं, आणि अडवणाऱ्याला आपण चारचौघांत धुऊन काढलं. मशीनचं दार स्टीलचं, चकचकीत. त्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं, उघडं पडलेलं. धुकट दिसलं, पण ओळखू आलं. हा चेहरा तर त्यांनी शेकडो वेळा मागे नेऊन बघितला होता.

जोडी बाहेर गेली, तशा मावशी लिफ्टभाऊंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सकाळी का नाही बोललात? मी एवढं टाकून बोलले, तेव्हा ते पाकीट माझ्या तोंडासमोर का नाही धरलंत?"

लिफ्टभाऊ हातातला चिमटा पुसत राहिले. "बावीस वर्षं लिफ्टमध्ये उभा होतो, मावशी. रोज कुणी ना कुणी रडत वर जायचं, रडत खाली यायचं. एवढ्याशा डब्यात जाणार कुठं माणूस? तेव्हा आपण भिंतीकडे बघायचं. सवय लागली ती."

"तुम्हाला माहीत होतं? माझ्या डोळ्यांचं?"

"दोन महिने होत आले. तुम्ही लेबल नाकाशी धरता. त्याआधी एकदा पट्टी लावायचीच राहिली होती, एकदा उलटी लागली होती. म्हणून चहाच्या वेळी मी तुमचं शेल्फ पुन्हा बघून घेतो. एकेक पाकीट. वर पाठवताना परत एकदा." त्यांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. "दोनदा सांगायला आलो होतो तुम्हाला. तुम्ही म्हणालात, मजला आला, उतरा."

म्हणजे हा माणूस मंद नव्हताच! स्वतःचं काम करून वर मावशींचंही करत होता, आणि त्या उशिराबद्दल मावशी त्यालाच घरी पाठवायला निघाल्या होत्या. मालिकेतला पाणक्या निदान शेवटी चार सुनावतो तरी. याने तेही केलं नव्हतं.

"कारण का नाही लिहिलंत वहीत?"

"खोटं मी लिहिणार नाही. आणि खरं तुमच्या आधी मी सांगणार नाही." मग त्यांनी पहिल्यांदाच मावशींच्या डोळ्यांत बघितलं. "पण सांगायला हवं, मावशी. आजच. वर टेबलावर माणूस असतो."

चार वाजता मावशी इनचार्ज सिस्टरांच्या खोलीत गेल्या आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. गाड्या, पट्ट्या, धुकं, सगळं. सिस्टर आधी ऐकत राहिल्या, मग लालबुंद झाल्या. "मावशी, तुम्ही काय सांगताय ते कळतंय का तुम्हाला? तुम्ही? अहो, मी नवी होते तेव्हा पट्टी बघायला तुम्ही शिकवलंत मला!" मावशी रडायला लागल्या. सिस्टरांनी त्यांना रडू दिलं, पण सोडलं नाही. त्याच संध्याकाळी शेल्फावरचं प्रत्येक पाकीट पुन्हा मशीनमध्ये गेलं. चार महिन्यांचे कागद निघाले. पाकिटाच्या आतही तशीच एक पट्टी असते, वर उघडताना ती पुन्हा तपासतात, तिथे एकही घोळ सापडला नाही, तेव्हा कुठे दोघींचा जीव भांड्यात पडला. मावशींचं पॅकिंग मात्र त्या क्षणापासून बंद. डोळे तपासून, मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशन करून, डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही. तोवर फडक्यांच्या घड्या घाला. मावशींनी मान डोलावली. घरी बसवतील या भीतीने चार महिने ज्यांचा आवाज चढला होता, त्यांना आता नुसतं घड्या घालायला मिळतंय याचंच बरं वाटत होतं.

"आणि लिफ्टभाऊंचं काय?" सिस्टरांनी कागद पुढे ओढला. "तुमचं मत लिहायचंय मला."

"लिहा," मावशी नाक पुसत म्हणाल्या. "हात मंद आहे. तो तसाच राहू द्या."

सिस्टरांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी मावशींनी जोडीसमोर लिफ्टभाऊंची माफी मागितली, मोठ्याने, जसं मोठ्याने त्यांना बोलल्या होत्या तसंच. "तुमचे फार उपकार झाले," असं म्हणाल्या. लिफ्टभाऊ भिंतीकडे बघत होते. मग चहाची वेळ झाली, आणि तपासायला मावशींचं शेल्फ नसल्यामुळे ते पहिल्यांदाच मैफलीत येऊन बसले. मावशींनी त्यांना पाणक्याची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. सगळी ऐकून झाल्यावर लिफ्टभाऊंनी विचारलं, "मग पुढं त्या थोरल्या शिष्याचं काय झालं?"

एवढ्या मालिका बघितल्या, पण हा प्रश्न मावशींना कधी पडलाच नव्हता. "कोण जाणे. त्याचं तोंड बघून झालं की मी बंदच करते."

"त्याला काढून टाकत असतील का हो?"

"नसतील," मावशी म्हणाल्या. "पाणक्या चांगला असेल तर नाही काढत."

तीन आठवड्यांनी मावशींच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, त्याच इस्पितळात. सव्वीस वर्षांत मावशी त्या मजल्यावर पहिल्यांदाच गेल्या, आणि गेल्या त्याही आडव्या होऊन. लेक दाराशी थांबली. आत गार होतं. डोळ्यात थेंब घातले होते, त्यामुळे जे थोडं दिसत होतं तेही दिसेनासं झालं. फडक्याची घडी उलगडल्याचा आवाज आला, मग स्टीलवर स्टील ठेवल्याचा. डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. वाकून म्हणाले, "मावशी, भीती वाटतेय का?"

"छे हो! खाली कोण आहे ते मला माहीत आहे ना."

"कोण आहे खाली?" डॉक्टरांनी हसत विचारलं.

मावशींनी लिफ्टभाऊंचं नाव सांगितलं. लिफ्टभाऊ हे नव्हे, खरं नाव. आधी त्यांचं, मग त्यांच्या वडिलांचं, मग आडनाव, अगदी सावकाश, डॉक्टरांना नीट ऐकू जाईल असं.